सेमिनरीचे एक वर्ष पोडावर काढावे

प्रति,
मा. संपादक,
सादर नमस्कार.

विषय : परक्या भाषेच्या व रीतिरिवाजाच्या लोकांत ख्रिस्ती सेवेसाठी जाणाऱ्या पदवीधरांचे प्रशिक्षण

महोदय,

जून महिन्यात सेमिनरींची, म्हणजे ख्रिस्ती धर्मसेवक घडवणाऱ्या विद्यालयांची, नवी सत्रे सुरू होतात आणि त्याच महिन्यात आमच्या केळापूर तालुक्यात कपाशीची टोबणी चालू असते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असायला हवा, सेमिनरीच्या विद्यार्थ्याने एक वर्ष खेड्यात किंवा पोडावर (कोलाम आदिवासींच्या वस्तीवर) काढायला हवे, असे जिल्हा परिषदेच्या शाळेतून सेवानिवृत्त झाल्यावर आमच्या मंडळीचा (स्थानिक चर्चचा) वडील म्हणून काम करताना मला तीव्रतेने जाणवू लागले. हा विषय केवळ आम्हा मूठभर ख्रिस्ती लोकांचा आहे असे कोणी म्हणेल. परंतु सेमिनरीतून पदवी घेऊन जो तरुण खेड्यात राहायला येतो, तो सर्व धर्मांच्या व जमातींच्या लोकांचा शेजारी होतो, त्यांच्याच विहिरीचे पाणी भरतो आणि त्यांच्याच सुखदुःखात बोलतो. त्याला काय शिकवून पाठवले जाते, हे विचारण्याचा अधिकार त्यामुळे गावालाही आहे, आणि म्हणूनच हे पत्र मी मंडळीच्या मासिकाऐवजी आपल्या दैनिकाकडे पाठवीत आहे.

गेल्या बारा वर्षांत आमच्या भागात बी.डी. किंवा एम.डिव्ह. या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या पदव्या घेतलेले पाच तरुण सेवेसाठी आले. पाचही जण परप्रांतांतले होते. त्यांच्या संस्थांची नावे मी येथे देत नाही, कारण दोष एका संस्थेचा नाही आणि त्या तरुणांचा तर मुळीच नाही. घरची माणसे सोडून, अल्प मानधनावर, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या मुलखात येऊन राहण्याची त्यांची तयारी होती, आणि त्यांच्या पाचारणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही त्यांतला एकही दोन वर्षांहून अधिक टिकला नाही. जाताना प्रत्येक जण मनाने थकलेला होता आणि आपण कोठे चुकलो हे त्याला सांगता येत नव्हते. मला ते पुष्कळ अंशी सांगता येते, म्हणून लिहितो.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने विदर्भातील कपाशी खाऊन टाकली. त्याच वर्षी फवारणीच्या विषबाधेने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात माणसे दगावली, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. त्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या गावातील एका कास्तकाराने आपले जीवन संपवले. त्या वेळी आमच्याकडे असलेला तरुण सेवक माझ्याबरोबर त्या घरी आला. त्याने पवित्र शास्त्र उघडले, पौलाच्या रोमकरांस पत्रातील आठव्या अध्यायाचे वचन वाचले आणि देव सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक करतो, हे सुमारे वीस मिनिटे समजावून सांगितले. त्याचे व्याकरण शुद्ध होते, विवेचनही चुकीचे नव्हते. त्या माणसाची बायको मान खाली घालून बसली होती आणि तिची धाकटी मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. नंतर आमच्या मंडळीतील एक म्हातारी आली. ती काहीच बोलली नाही. तिने चूल पेटवली, सर्वांना काळा चहा केला, त्या बाईच्या शेजारी भुईवर बसली आणि बऱ्याच वेळाने हलक्या आवाजात एवढेच विचारले, ‘‘सोसायटीचं किती हाय अन् सावकाराचं किती?’’ तेव्हा कोठे ती बाई रडली आणि बोलू लागली.

त्या म्हातारीला ठाऊक होते की तेरावे उलटले की घेणेकरी दारात उभे राहतात. आत्महत्याग्रस्त कुटुंबाला शासनाकडून मिळणारे एक लाखाचे साहाय्य हवे असेल तर प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते, त्यासाठी पंचनामा, सात-बारा व कर्जाचे कागद वेळेत द्यावे लागतात आणि ‘अपात्र’ असा शेरा पडला की त्या घराची पुढची कित्येक वर्षे त्या एका शब्दाखाली जातात, हेही तिला ठाऊक होते. आमचा सेवक हिब्रू शिकलेला होता. दुःखाने ग्रासलेल्या ईयोबाचे जुन्या करारातील पुस्तक त्याने परीक्षेसाठी मूळ भाषेत वाचले होते, आणि ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, त्यांच्यापैकी कोणी एक शब्दही बोलला नाही, हे वचनही त्या अभ्यासात आलेले असणारच. परंतु ते वचन म्हणजे दुःखाच्या घरात बसण्याची रीत आहे आणि आमच्या भागात लोक अजूनही तसेच बसतात, हे त्याला दाखवणारे कोणी वर्गात नव्हते. त्या रात्री परत येताना तो मला म्हणाला की आपण काहीतरी चुकलो. पुढे चार महिन्यांनी तो गेला. मला आजही वाटते की तो एक वर्ष आधी विद्यार्थी म्हणून आला असता आणि त्या म्हातारीजवळ बसून शिकला असता, तर आज येथेच असता.

दुसरी गोष्ट दिसायला लहान आहे. येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला (दृष्टांत) आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा सेवक पहिल्या वर्षी सांगतोच, कारण शेतकऱ्यांना तो जवळचा वाटेल अशी त्याची समजूत असते. पेरणारा पेरावयास निघाला आणि काही बी वाटेवर पडले, असे वाचून झाल्यावर एकदा मागे बसलेल्या एका गृहस्थाने प्रामाणिकपणे विचारले, ‘‘तिफन चालवनारा मानूस वाटेवर बी काहून टाकीन?’’ प्रश्न अगदी रास्त होता. आमच्याकडे ज्वारी व तूर तिफणीच्या चाड्यातून नळ्यांवाटे सरळ तासात पडते, सरकी तर एकेक हाताने टोबतात, आणि या महागाईत बियाण्याचा एक दाणा वाटेवर सांडला तर माणूस वाकून उचलतो. येशूच्या काळी पॅलेस्टाइनात बी मुठीने फेकून पेरीत आणि शेतांमधून पायवाटा जात, एवढे दोन वाक्यांत सांगितले असते तर तो गृहस्थ समाधानाने ऐकत बसला असता. पॅलेस्टाइनची शेती त्या सेवकाने पुस्तकात वाचली होती, तिफण मात्र पाहिली नव्हती. त्यामुळे प्रश्न कोठून आला हे त्याला कळले नाही आणि त्याने तो मनाच्या कठोरपणाचा प्रकार समजून पुढे वाचन चालू ठेवले. ‘खमिरा’च्या दाखल्याचेही असेच होते. भाकरीला खमीर लागत नाही. आमच्या बायकांना विरजण म्हटले की सारा दाखला तत्काळ कळतो.

आता भाषेविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण खरी अडचण तेथे आहे. महाराष्ट्रात जाणारा म्हणजे मराठी लोकांत जाणारा, आणि मराठी शिकला की त्याचे भागले, असे दूरच्या सेमिनरीत धरून चालतात. विदर्भाची वस्तुस्थिती तशी नाही. आम्ही वऱ्हाडी बोलतो, झाडीपट्टीत झाडीबोली बोलतात, बंजारा तांड्यावर गोरमाटी चालते, आणि या सर्व बोली एका कुळातल्या आहेत. परंतु गोंडी, माडिया आणि आमच्या पोडांवरची कोलामी या द्राविडी कुळातल्या भाषा आहेत. मेळघाटातली कोरकू ही मुंडा भाषा असून तिचे नाते संथाळी व मुंडारी यांच्याशी आहे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोदच्या बाजूला निहाली बोलणारे लोक आहेत, आणि त्या भाषेचे तर जगातल्या कोणत्याच ज्ञात भाषाकुळाशी नाते सिद्ध झालेले नाही. आपण ज्याला पाणी म्हणतो त्याला गोंड ‘येर’ म्हणतो, कोलाम ‘ईर’ म्हणतो आणि कोरकू ‘डा’ म्हणतो. तहानलेल्याला पाणी द्यावे हे शिकवायला आलेल्या माणसाला पाण्याचा हा शब्द यायला नको काय?

हे मी कोणाला दूषण देण्यासाठी लिहीत नाही, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. शिक्षक म्हणून माझी पहिली नेमणूक एका कोलाम पोडावर झाली. तेथे मी पुस्तकातली मराठी बोलत असे आणि मुले गप्प बसत असत. पहिली दोन वर्षे मी त्यांना मंद समजलो आणि तसे शिक्षकांच्या केंद्र-बैठकीत सांगितलेही. पुढे एका विद्यार्थ्याच्या आजीने, मी तिच्या दारात पाणी प्यायला थांबत असे तेव्हा, एकेक शब्द माझ्याकडून म्हणवून घ्यायला सुरुवात केली. चुकलो की ती हसे आणि पुन्हा म्हणायला लावी. माझी कोलामी कधीच फार चांगली झाली नाही, परंतु मी चुकीची का होईना त्यांची भाषा बोलतो आहे हे पाहून वर्गातली मुले तोंड उघडू लागली. मंद कोणी नव्हते, त्यांच्याशी कोणी बोललेच नव्हते. त्या पोडावर मी नऊ वर्षे होतो. जी गोष्ट मला दोन वर्षे वाया घालवून कळली, ती डी.एड.च्या अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यात सांगता आली असती. सेमिनरीलाही ती सांगता येईल.

येथे कोणी म्हणेल की अशा भाषा शिकण्याची साधने नाहीत. साधने आहेत. एम. बी. एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने वर्धा जिल्ह्यातील कोलामीचा अभ्यास करून तिचे व्याकरण १९५५ साली प्रसिद्ध केले. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांची त्यांच्या लिंगो या पुराणपुरुषाविषयीची परंपरागत गीते उतरवून घेतली होती. हिस्लॉप शाळा चालवीत, खडक व जीवाश्म गोळा करीत आणि गावोगाव हिंडत. १८६३ साली टाकळघाटजवळील प्राचीन दगडी वर्तुळांचे उत्खनन पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडून मरण पावले. गोंडांविषयीची त्यांची टिपणे मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापवून घेतली. आज नागपुरात हिस्लॉप यांच्या नावाचे महाविद्यालय सर्वांना ठाऊक आहे. परंतु धर्मोपदेशासाठी आलेला माणूस आधी लोकांची गीते ऐकून लिहून घेतो, हा त्यांचा धडा आमच्याकडे आलेल्या पाचांपैकी एकालाही शिकवलेला नव्हता. त्यांतल्या एकाने तर हिस्लॉप हे नाव प्रथम माझ्याकडूनच ऐकले.

इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांचे उदाहरणही असेच आहे. केरी महाराष्ट्रात कधी आले नाहीत. त्यांनी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठीचा अभ्यास केला, १८०५ साली मराठीचे व्याकरण आणि १८१० साली कोश प्रसिद्ध केला आणि त्यानंतर १८११ साली बंगालमधील, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेल्या, श्रीरामपूरच्या छापखान्यातून मराठी नवा करार बाहेर पडला. हा क्रम लक्षात घ्यावा : पंडितापाशी बसणे, मग व्याकरण, मग कोश आणि मग सबंध नवा करार. त्याच श्रीरामपुरात केरी आणि त्यांचे सहकारी मार्शमन व वॉर्ड यांनी १८१८ साली जे महाविद्यालय काढले, ते ख्रिस्ती व इतर अशा दोन्ही तरुणांसाठी होते आणि तेथे पौर्वात्य वाङ्मय व पाश्चात्य शास्त्रे ही दोन्ही शिकवण्याचा उद्देश होता. डेन्मार्कच्या राजाने १८२७ साली त्याला पदव्या देण्याची सनद दिली. आज देशातील अनेक सेमिनरी ज्या बी.डी. व एम.टीएच. पदव्या देतात, त्या त्याच श्रीरामपूरच्या सिनेटच्या आहेत. म्हणजे देशी भाषा पंडितांकडून शिकण्याची परंपरा या पदवीच्या मुळाशीच आहे. मी काही नवे मागत नाही.

आमच्या यवतमाळचाही या इतिहासात वाटा आहे, हे नव्या पिढीतील अनेक वाचकांना ठाऊक नसेल. १९५३ साली यवतमाळ येथे युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ साली पुण्याला बिबवेवाडीत जाईपर्यंत तीस वर्षे ती आमच्या जिल्ह्याच्या गावी होती. देशाच्या कानाकोपऱ्यातून विद्यार्थी येथे शिकायला येत. लहानपणी मी त्यांना बाजारात जोंधळ्याचा भाव विचारताना, मोडक्यातोडक्या मराठीत टांगेवाल्याशी बोलताना आणि सायंकाळी खेड्यात येऊन कंदिलाच्या उजेडात आमची भजने आमच्याच चालीवर म्हणण्याचा प्रयत्न करताना पाहिले आहे. अभ्यास इंग्रजीत चाले, तरी फाटकाबाहेर पाऊल टाकताच त्यांना विदर्भ भेटत असे. संस्था पुण्याला गेली, ती तेथे मोठी झाली आणि तिचे नाव सर्वदूर आहे, याचा आम्हाला अभिमानच वाटतो. परंतु मोठ्या शहराच्या फाटकाबाहेर खेडे भेटत नाही. ते भेटावे यासाठी आता वेगळी योजना करावी लागेल, आणि हे देशातील प्रत्येक शहरी सेमिनरीला लागू आहे.

सेमिनरीच्या वर्गात आणखी एक गोष्ट राहून जाते. आमच्या सीमेपलीकडच्या तेलंगणात ज्यांचे बालपण गेले ते मानववंशशास्त्रज्ञ पॉल हीबर्ट यांनी १९८२ साली असे दाखवून दिले की पाश्चात्य पद्धतीने शिकलेल्या मिशनऱ्याजवळ वरच्या प्रश्नांची, म्हणजे देव, पाप व तारण यांची, उत्तरे असतात आणि खालच्या प्रश्नांची, म्हणजे रोगजंतू व औषध यांची, उत्तरेही असतात. परंतु खेड्यातला माणूस ज्या मधल्या प्रश्नांत जगतो त्यांच्याविषयी त्याच्याकडे बोलायला काहीच नसते. नजर लागली, करणी केली, बैल अचानक बसला, घरात तिसरे मूल गेले, हे आमच्याकडचे मधले प्रश्न आहेत. या प्रश्नांची टर उडवणारा सेवक लोकांना परका वाटतो. आणि त्या प्रश्नांचा फायदा घेऊन प्रार्थनेने हमखास रोग बरा करण्याची ग्वाही देणारा तर धोकादायकच असतो. आमच्या भागात सापाने चावलेल्या एका मुलाला दवाखान्यात न्यायला अशाच ग्वाहीमुळे उशीर झाला. मूल वाचले, पण ते उशिरा का होईना नेल्यामुळे. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच लागू आहे, आणि येथे सेवेला येणाऱ्या प्रत्येक पदवीधराने तो मराठीतून वाचलेला असावा. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, परंतु आधी त्याला ग्रामीण रुग्णालयाच्या गाडीत बसवावे आणि स्वतःही शेजारी बसून जावे.

लोकांच्या मनात ख्रिस्ती सेवकांविषयी जो संशय आहे, त्याचाही अभ्यास व्हायला हवा. आमच्या मंडळीतील काहींना हा विषय काढलेला आवडत नाही, पण तो टाळून चालणार नाही. १९५४ साली तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने, ज्याची राजधानी नागपूर होती आणि ज्यात आमचा जिल्हाही होता, नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. १९५६ साली तिचा अहवाल आला. त्या अहवालातील अनेक निष्कर्ष मला एकांगी वाटतात. तरीही परदेशी पैसा, शाळा व दवाखान्यांचा वापर आणि आमिष यांविषयी त्यात नोंदवलेल्या शंका आजही चावडीवर ऐकू येतात. सेमिनरीच्या विद्यार्थ्याने त्या वाचाव्यात, कोणती शंका खरी व कोणती खोटी याचा स्वतःच्या मनाशी निवाडा करावा आणि जेथे आपल्या लोकांचे चुकले तेथे तसे कबूल करण्याचे धैर्य अंगी आणावे. संविधानाचा २५ वा अनुच्छेद धर्माचा प्रसार करण्याचा अधिकार देतो आणि सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली असेही ठरवले आहे की प्रसाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा अधिकार अंतर्भूत नाही. या दोन्ही गोष्टी ज्याला नीट समजल्या आहेत तो निर्भयपणे आणि नम्रपणे राहू शकतो. ज्याला समजलेल्या नाहीत तो एकतर घाबरून दार लावून बसतो किंवा अविचाराने बोलून साऱ्या मंडळीला अडचणीत आणतो. आम्ही दोन्ही प्रकार पाहिले आहेत.

१९१० साली एडिंबरो येथे जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली होती. तेथे तेलुगू मुलखात काम करणारे तमिळ पाळक व्ही. एस. अझरय्या यांनी सर्वांसमक्ष सांगितले की तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ दिलेत, आता आम्हाला मित्र द्या. ते तेव्हा गोऱ्या मिशनऱ्यांना उद्देशून बोलले होते. आज येणारा सेवक भारतीय आहे, पण कोलामाच्या पोडावर तोही शिकलेला, पँट-शर्टातला, शहरातून आलेला साहेबच असतो. कोलाम ही शासनाने विशेष असुरक्षित ठरवलेली आदिम जमात आहे. वनखात्याचा माणूस, सावकाराचा माणूस, सर्वेक्षणाचा माणूस असे पुष्कळ साहेब तिने पाहिलेले आहेत. पोडाच्या चावडीत कोठे बसावे, नाईकाला (पोडाच्या प्रमुखाला) विचारल्याशिवाय कशात हात घालू नये, हे ज्याला कळत नाही त्याच्याशी मैत्री कशी व्हावी?

म्हणून माझी मागणी अशी आहे की जी सेमिनरी परसंस्कृतीतील सेवेसाठी पदवी देते, तिने त्या पदवीचे एक पूर्ण वर्ष, मृग नक्षत्रापासून पुढच्या अक्षय तृतीयेपर्यंत, विद्यार्थ्याला खेड्यात किंवा पोडावर राहायला पाठवावे. पहिले सहा महिने त्याने उपदेश करू नये. ही अट काहींना कठोर वाटेल, परंतु ज्याला बोलण्याची परवानगी नसते तोच ऐकायला शिकतो, असा माझा शाळेतला अनुभव आहे. त्याने निंदणीला जावे, वेचणीच्या दिवसांत कापूस वेचावा, आठवडी बाजारात भाव विचारावा, पोळ्याच्या दिवशी बैल सजवताना पाहावे आणि लग्नामरणाला हजर राहावे. भाषा शिकवायला गावातलीच एखादी व्यक्ती नेमावी, शक्यतो स्त्री, आणि तिला सेमिनरीतील तासिकेच्या प्राध्यापकाला मिळते तेवढेच मानधन द्यावे. ज्ञान देणाऱ्या अशिक्षित आजीला चहा आणि घेणाऱ्याला पदवी, असा व्यवहार आम्हाला मान्य नाही. वर्षाच्या शेवटी तोंडी परीक्षा चावडीवर व्हावी आणि प्राध्यापकाबरोबर पोडाचा नाईक, भाषा शिकवणारी बाई व शाळेचे गुरुजी यांनी गुण द्यावेत. त्याचा प्रबंध मराठीत असावा, तो दाखल करण्यापूर्वी ज्यांच्याविषयी लिहिला आहे त्यांना वाचून दाखवावा आणि त्याची एक प्रत गावच्या शाळेत राहावी. आपल्याविषयी काय लिहिले गेले हे आमच्या लोकांना आजवर कधीच कळलेले नाही.

सेमिनरीत प्रात्यक्षिक काम असतेच, शनिवार-रविवारी विद्यार्थी मंडळ्यांत जातात आणि उन्हाळ्यात एक-दोन महिने बाहेर राहतात, असे उत्तर मला एका प्राध्यापकाने दिले होते. त्यात तथ्य आहे. परंतु शनिवारी संध्याकाळी येऊन रविवारी दुपारी परतणाऱ्याला गाव रविवारच्या कपड्यांतच दिसते, आणि मे महिन्यात येणाऱ्याला रिकामी वावरे दिसतात. पेरणी मोडून दुबार पेरणीची पाळी येते तेव्हा माणसाचे तोंड कसे होते, हे जुलैत येथे असल्याशिवाय कळत नाही.

ग्रीक व हिब्रू यांचे तास कमी करा असेही मी म्हणत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले, आणि ते साध्यासुध्या बायकांना समजावे अशा सोप्या मराठीत आणण्याचा ध्यास घेतला. १९२२ साली त्या ख्रिस्तवासी झाल्या आणि १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. मूळ भाषा आणि खेड्यातली भाषा यांत वैर नाही, हे त्यांनी दाखवून ठेवले आहे. नारायण वामन टिळकांनीही, जे नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका परक्या प्रवाशाकडून नवा करार वाचण्यास प्रवृत्त झाले, १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग-ओवीची वाट सोडली नाही. त्यांची भजने आमच्याकडे आजही टाळ आणि ढोलकीवर म्हणतात, आणि त्या वेळी शेजारचे वारकरीही ओट्यावर येऊन बसतात. जे परक्या चालीच्या गीतांनी साधत नाही, ते तेथे सहज साधते.

याच विषयाची दुसरी बाजू अशी की आमच्या मुलांना या पदवीपर्यंत पोहोचता येत नाही. आमच्या मंडळीत दोन तरुण व एक तरुणी कला शाखेच्या पदवीधर आहेत, तिघांनाही सेवेची ओढ आहे आणि त्यांच्यापैकी तरुणीच्या घरी कोलामी बोलतात. पदव्युत्तर धर्मशिक्षण बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्या या मुलांनी प्रवेश परीक्षेचा कागद पाहिला आणि घरी परतली. परप्रांतातल्या तरुणाने दोन वर्षांत मोडकी मराठी शिकावी यासाठी आपण एवढा खटाटोप करतो, आणि जिला दोन भाषा जन्मापासून येतात त्या मुलीला तिच्याच भाषेत ईश्वरपरिज्ञान शिकवण्याची सोय करीत नाही, हे मला फार खटकते. मराठीतून पदव्युत्तर शिक्षण द्यावे, त्याबरोबर इंग्रजीही शिकवावी, आणि मग या मुलांनाही बाहेर पाठवावे. यवतमाळची मुलगी मिझोरममध्ये जाऊन तेथली भाषा शिकेल तेव्हा तिलाही तेथल्या एखाद्या आजीजवळ वर्षभर बसावे लागेल, आणि ती बसेल.

खर्चाचा प्रश्न येईल, म्हणून आमच्यापुरते लिहितो. आमच्या उपासना मंदिरामागे दोन खोल्या रिकाम्या आहेत. विहिरीला मे महिन्यापर्यंत पाणी असते, वीज बहुतेक दिवस असते. भाषा शिकवायला दोन बाया तयार आहेत, त्यांच्याशी आणि जवळच्या पोडाच्या नाईकाशी मी बोललो आहे. नाईकाने एवढेच विचारले की येणारा माणूस किती दिवस राहील, आणि वर्षभर म्हटल्यावर त्याने होकार दिला. जेवणाची व्यवस्था मंडळीतील घरे पाळीपाळीने करतील. कोणत्याही पंथाच्या सेमिनरीने दोन विद्यार्थी पाठवायचे ठरवल्यास त्यांनी पेरणीच्या आधी, मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात यावे, म्हणजे पहिल्या पावसापूर्वी कौले फेरून घेता येतील. माझा पत्ता व दूरध्वनी क्रमांक आपल्या कार्यालयाकडे दिला आहे, तो विचारणाऱ्या संस्थेला अवश्य कळवावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक व मंडळीचा वडील,
ता. केळापूर, जि. यवतमाळ